नऊ दातांवर सहा किलोमीटर: बीएमएक्सने ऑफिसला जायला लागले त्याची हकीकत

ऑक्टोबर २०२४ मध्ये धाकट्या भावाला परदेशात नोकरी लागली आणि त्याची पुण्यातली खोली रिकामी करायची वेळ आली. गादी, टेबल, कुकर मित्रांनी नेले. बीएमएक्स, म्हणजे कसरतींची लहान चाकांची सायकल, मात्र कुणाला द्यायला त्याचं मन होईना. कॉलेजपासून तो तिच्यावर व्हीली म्हणजे पुढचं चाक उचलणं, जागेवर गोल फिरणं असले प्रकार शिकला होता. "ताई, तू ठेव," म्हणाला. मी हो म्हटलं ते सायकल सांभाळायला. चालवायचा विचार तेव्हा डोक्यात नव्हता.

आज त्याच सायकलने मी नागपुरात प्रतापनगरहून सीताबर्डीजवळच्या ऑफिसात जाते. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. सुरुवातीला हे कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं. गिअरच्या सायकलींबद्दल सांगणारे भरपूर भेटतात, पण बीएमएक्सवर डबा घेऊन कामावर जाणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

सायकल आली रेल्वे पार्सलने. भावाने पेडल काढले, हँडल आडवं फिरवलं, सगळी पुठ्ठ्यात गुंडाळली आणि ६ नोव्हेंबरला पुणे स्टेशनवर नेऊन दिली. फॉर्म भरायचा, ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, वस्तूची किंमत लिहायची. भाडं, पॅकिंग, हमाली धरून त्याचे साडेसातशे गेले. पार्सल ८ तारखेला नागपूरला पोचलं. माझ्याकडे पावतीचा फक्त फोटो होता आणि सोडवायला मूळ पावती लागते. ती कुरिअरने ११ तारखेला आली, १२ ला मी सायकल घेतली. ठरलेल्या वेळेनंतर पार्सल पडून राहिलं तर त्याचे पैसे पडतात, तेही भरले. तेव्हा पार्सल बुक केलं त्याच दिवशी मूळ पावती कुरिअरला टाकायला सांगा. आणि पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना नाव, फोन आणि स्टेशनचं नाव मोठ्या अक्षरात लिहायला सांगा, कारण एक टोक फाटलेलंच निघतं.

घरी आणून सोडली तेव्हा आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डबा कुठं ठेवशील?" खरा प्रश्न तोच होता. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. सीट इतकी खाली की बसल्यावर गुडघे छातीशी यायचे. भावाने कारण सांगितलं. बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियातली मुलं मोटोक्रॉसच्या मोटरसायकली बघून आपल्या लहान सायकली मातीत उडवायला लागली, त्यातून हा प्रकार निघाला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून त्याची शर्यत होते आणि टोकियोपासून कसरतींचा फ्रीस्टाइलही. या सायकलीवर बसायचं नसतंच. उभं राहून चालवायची आणि उडी मारताना सीट मधे येऊ नये म्हणून ती खाली. हे समजलं तेव्हा माझा धीर थोडा वाढला. सायकलीत दोष नव्हता, तिचं काम वेगळं होतं. मला तिच्याकडून दुसरं काम करून घ्यायचं होतं.

१७ नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी अंबाझरी तलावापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दोन्ही गुडघे बोलत होते. जिथे आधी पैसे घालायला हवेत ती जागा म्हणजे सीट, हे त्या दुखण्याने सांगितलं.

आमच्याकडे कोपऱ्यावर एक मिस्त्रीकाका बसतात, टपरीसमोर. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हिच्यात तं काहीच नाही ना जी. ना गार्ड, ना स्टँड. कोनं इकली तुम्हाले?" भावाची आहे म्हटल्यावर सूर बदलला. "मंग बरोबर. माल चांगला हाय. पन सीटची नळी लय छोटी हाय."

भावाची सीट पिव्होटल पद्धतीची होती, म्हणजे मधे एकाच बोल्टवर बसणारी. ती साध्या नळीवर बसत नाही. सीट आणि नळी दोन्ही बदलावी लागली. जमेची बाजू एकच. बीएमएक्सच्या सीटची नळी २५.४ मिलिमीटर जाडीची असते आणि ते माप आपल्याकडच्या बऱ्याच साध्या सायकलींनाही चालतं. ३५० मिलिमीटर लांबीची नळी २२० रुपयांना मिळाली, रुंद सीट ३८० ला. नळीवर एक खूण असते, ती फ्रेमच्या आत राहिलीच पाहिजे. मी पाच फूट एक इंच आहे, मला खुणेच्या आत राहून पाय जवळजवळ सरळ होईल एवढी उंची मिळाली. पावणेसहा फुटांच्या माणसाला ही सायकल रोजच्या बसण्यासाठी पुरणार नाही, हे स्पष्ट सांगते. उंची कमी असेल तर मात्र बीएमएक्स सोयीची. मधली दांडी एवढी खाली की सलवार-कमीज घालून चढता-उतरता येतं, सिग्नलला दोन्ही पाय टेकतात.

आता ब्रेकबद्दल, कारण इथे मी सगळ्यात मोठी चूक केली.

भावाच्या सायकलला फक्त मागचा ब्रेक होता. कसरती करताना त्याला तेवढा पुरत असे. मला लक्ष्मीभुवन चौकात, ऑटो समोर वळत असताना पुरला नसता. पुढचा ब्रेक हवा होता, पण पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला तो बसवायला जागाच नव्हती. मिस्त्रीकाकांनी लहान मुलांच्या सायकलचा फोर्क लावून पाहिला. तो जमला नाही, कारण त्या फोर्कची नळी बारीक आणि वर आटे असलेली. बीएमएक्सची नळी १ १/८ इंची, बिनआट्याची. शेवटी ब्रेकच्या खुंट्या असलेला २० इंची फोर्क २ डिसेंबरला ऑनलाइन मागवला, २४०० रुपयांचा. तो २६ ला आला, मधले चोवीस दिवस सायकल बाल्कनीत उभी. मागवण्याआधी तीन मापं घेऊन ठेवा: नळीची जाडी, नळीची लांबी आणि पुढच्या एक्सलची, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याची, जाडी. आमचा एक्सल ३/८ इंची निघाला. ब्रेक, केबल आणि मजुरी मिळून आणखी ६५० रुपये.

मागच्या ब्रेकचा लिव्हर आधीच उजव्या हाताला होता, म्हणून पुढचा डाव्या हाताला लावला. मिस्त्रीकाका म्हणाले होते, "अदलाबदल करून देतो," पण त्यासाठी केबल नवी टाकावी लागणार होती, ती वाचवायला मी नको म्हटलं. पंधरा वर्षं मी स्कूटर चालवली आहे. स्कूटरचा डावा ब्रेक मागचा असतो. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी बजाजनगरजवळ कुत्रं आडवं आलं आणि घाबरून हाताने जुन्या सवयीने डावा ब्रेक आवळला. पुढचं चाक जागेवर थांबलं. बीएमएक्स लांबीला आखूड, वजन चटकन पुढे जातं. मी हँडलवरून खाली आले. कोपर आणि तळहात सोलले, हाड वाचलं. रस्त्याकडेच्या चहावाल्याने उठवलं, पाणी दिलं, सायकल बाजूला लावली. दुसऱ्याच दिवशी ९० रुपयांची केबल घालून ब्रेक बदलून घेतले. आता उजवा पुढचा, डावा मागचा, स्कूटरसारखाच. तुमचा हात ज्या गाडीला सरावला आहे तिच्यासारखेच ब्रेक लावा. नव्वद रुपये वाचवू नका.

पडल्यावर आठ दिवस सायकलकडे बघवत नव्हतं. भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "ताई, एक महिना फक्त मैदानात चालव." मी रोज सकाळी वीस मिनिटं कॉलनीच्या मैदानात फिरायला लागले. त्याने तीन गोष्टी शिकवल्या. खड्डा दिसला की दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून सीटवरून उठायचं, कोपर सैल ठेवायचं, आणि नजर चाकाखाली नाही तर दहा-पंधरा पावलं पुढे. चाक लहान असलं की खड्ड्यात जास्त उतरतं, हे खरं. पण बीएमएक्सवर उठून उभं राहणं इतकं सोपं आहे की धक्का गुडघ्यांतच जिरतो. आपल्याकडे सिमेंटच्या रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू यांच्यात जी उंचवट्याची पायरी असते, तिथे बारीक टायरची सायकल अडकते. माझा सव्वादोन इंची टायर ती तिरपी नाही, सरळ ओलांडतो. तिरपी ओलांडायची नाही, हे मात्र कुठल्याही सायकलला लागू.

मैदानातच गिअरचा हिशोब कळला. चेनच्या पुढच्या चक्रीला २५ दात, मागच्या चक्रीला ९. पेडलची एक फेरी झाली की चाक पावणेतीन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं आणि सायकल साधारण साडेचार मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या मारल्या तर ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर. त्याहून जोरात जायचं म्हटलं तर पाय नुसते भिंगरीसारखे फिरतात, वेग वाढत नाही. स्पीड हवा असणाऱ्याने हिच्या नादी लागू नये. पण नागपूर बहुतेक सपाट आहे आणि चौकाचौकात सिग्नल आहेत. सिग्नल सुटल्यावर ही सायकल दोन पेडलांत उठते. सेमिनरी हिल्सचा चढ मी एकदा पाहिला, निम्मा चढून निम्मा चालत गेले. रोजच्या रस्त्यात तसा चढ नाही आणि उड्डाणपूल मी घेत नाही.

ऑफिसात सायकल ठेवणं हे वेगळंच प्रकरण. स्टँड नसल्यामुळे ती दुचाकींच्या रांगेत उभी राहत नव्हती आणि भिंतीला टेकवलेली सायकल पार्किंगमध्ये चालत नाही असं सांगण्यात आलं. ६ जानेवारीला इमारतीच्या देखभालीचं काम बघणाऱ्यांना अर्ज दिला. पहिला अर्ज परत आला, त्यात सायकलचं वर्णन नव्हतं. दुसऱ्यात रंग, चाकाचं माप आणि खालच्या बाजूला कोरलेला फ्रेम नंबर लिहिला, सायकलचा फोटो आणि लागणाऱ्या जागेचं माप जोडलं: लांबी साडेपाच फूट, रुंदी अडीच फूट. २२ तारखेला जिन्याखालची जागा मिळाली. अर्जाची पोच घेतली होती म्हणून दोनदा जाऊन विचारता आलं. फ्रेम नंबरचा फोटो तसाही मोबाइलमध्ये ठेवा. सायकलला नोंदणी नसते, चोरीला गेली तर तक्रारीत लिहायला तो नंबरच हाताशी असतो.

२७ जानेवारी, सोमवार, पहिला दिवस. आदल्या दिवशी रविवारी सकाळी पूर्ण रस्ता रिकामा असताना चालवून पाहिला होता. प्रतापनगर, माटे चौक, बजाजनगर, मग शंकरनगर, झाशी राणी चौक. ९.१० ला निघाले, ९.४१ ला पोचले. स्कूटरने वीस-बावीस मिनिटं लागायची. डबा पाठीवरच्या सॅकमध्ये. शंकरनगरच्या सिग्नलला शाळेची व्हॅन शेजारी थांबली आणि आतली पोरं खिडकीला नाक लावून बघत होती. एकाने विचारलं, "काकू, व्हीली येते?" नाही म्हटलं. "मंग शिका ना," म्हणाला. तो दिवसभर आठवत राहिला.

तरीही मनातून ती अजून हौसच होती. आठवड्यातून दोनदा सायकल, बाकी स्कूटर. ते बदललं स्कूटरच्या कागदांमुळे. तिची पंधरा वर्षांची नोंदणी १८ फेब्रुवारी २०२५ ला संपली. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मी उशीर केला, तो माझाच. फॉर्म २५, विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट जीएसटीसह ५३१ रुपये, नूतनीकरणाचे १०००, पर्यावरण कर वेगळा, मग गाडीची तपासणी. सगळं पुरं व्हायला २१ मार्च उजाडला. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढायची नव्हती, म्हणून तो महिना रोज सायकल. दुसऱ्या आठवड्यात पाय दुखायचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात मी घड्याळ बघायची सोडली. २२ मार्चला स्कूटरची किल्ली हातात होती आणि मी सायकल घेऊन खाली उतरले. ठरवून नाही, हात तिकडेच गेला. स्कूटर आता आईला दवाखान्यात नेण्यासाठी आणि मुसळधार पावसासाठी आहे.

त्याच महिन्यात बारीकसारीक गोष्टी जमत गेल्या. फ्रेमला मडगार्ड लावायची भोकंच नसतात, म्हणून सीटच्या नळीला अडकवायचं प्लास्टिकचं मडगार्ड घेतलं, १८० रुपये. सॅकमुळे पाठ घामाने भिजायची, तेव्हा हँडलच्या आडव्या दांडीला पट्ट्यांनी बांधायची छोटी बॅग शिवून घेतली. डबा आणि पाण्याची बाटली तिच्यात बसतात. गोकुळपेठ मार्केटातून भाजी आणायची असेल तर सॅक लागतेच, मेथीच्या दोन जुड्या हँडलला लटकवल्या तर गुडघ्याला लागतात. सलवारीच्या उजव्या पायाला रबराचा पट्टा, ओढणी घरीच. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, चार्जिंगचे, दोन्ही मिळून ४५०. कुलूप चांगलं घ्या, माझं ७०० चं आहे. घरी मात्र ती तिसऱ्या मजल्यावर येते. वजन साडेअकरा किलो, फ्रेम आखूड, वळणावर भिंतीला लागत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत हे सुख मोठं आहे.

सुट्या भागांची भीती मला उगीच होती. चेन साध्या बिनगिअरच्या सायकलची, १/८ इंची, कुठेही मिळते. ट्यूब लहान मुलांच्या २० इंची सायकलची चालते. फक्त व्हॉल्व्ह बघून घ्या, मोटरसायकलसारखा जाड हवा, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. टायर घेताना बाजूवर ४०६ हा आकडा शोधा. २० इंच लिहिलेलं दुसऱ्या मापाचंही असतं, ते बसत नाही.

एप्रिल-मे बद्दल खोटं बोलणार नाही. हे ते शहर आहे जिथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सिमेंटचा रस्ता संध्याकाळी सहालाही खालून भाजतो. सकाळी मी पावणेआठला निघायला लागले, ऑफिसात जाऊन तोंड धुऊन कपडे बदलायचे. तोंडाला दुपट्टा, निघताना पन्हं. पण परत येताना, १३ मेच्या संध्याकाळी, शंकरनगरला डोळ्यांपुढे अंधारी आली. दुकानाच्या सावलीत बसले, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत परतीला मेट्रो. झाशी राणी चौकातून सुभाषनगरपर्यंत ॲक्वा लाइनने, पुढचं थोडं अंतर सायकलवर. मेट्रोत सायकल नेता येते. लहान असल्यामुळे लिफ्टमध्ये ती आडवी-उभी करावी लागत नाही. डब्यात मात्र स्टँड नसलेली सायकल हाताने धरून उभं राहावं लागतं, गर्दीत पेडल कुणाच्या पायाला लागू नये म्हणून मी ते आतल्या बाजूला घेते. उन्हात हट्ट करू नका. अंधारी यायच्या आधी थांबायचं असतं, आल्यावर नाही.

पावसाळ्यात दोन पंक्चर झाले, दोन्ही मागच्या चाकाला. रिम ओली झाली की पुढचा ब्रेक उशिरा धरतो, म्हणून चौकाच्या आधीच हलका दाबून रिम पुसून घ्यायची. चेन दर शनिवारी पुसून तेल. साचलेल्या पाण्यात मी सायकल घालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून वाहिला ती रात्र आमच्या भागातल्या कुणाच्या डोक्यातून गेलेली नाही, जोराचा पाऊस सुरू झाला की मी ऑफिसातच थांबते.

सायकल फुकट आली तरी वर्षभरात फोर्क, सीट, दिवे, कुलूप, ट्यूब, मजुरी धरून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. वही आहे माझ्याकडे. पेट्रोलचा महिन्याचा खर्च हजार-बाराशेवरून दोन-अडीचशेवर आला.

भाऊ या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने सायकल बाल्कनीतून काढली, उंच सीटकडे पाहिलं, हँडलला बांधलेल्या बॅगवरून हात फिरवला. काही बोलला नाही. फ्रेमवरचे त्याचे स्टिकर मी तसेच ठेवले आहेत, तिथे थोडा थांबला. मग खांद्यावर टाकून खाली नेली. मी वरून ओरडले, "उजवा ब्रेक आता पुढचा आहे, जपून!" त्याने मान डोलावली आणि गल्लीच्या टोकापर्यंत उभ्यानेच गेला. परत येताना पुढचं चाक उचललं, एका घराच्या फाटकापासून दुसऱ्या घराच्या फाटकापर्यंत. आई माझ्या शेजारी उभी होती.

वर आल्यावर म्हणाला, "मागच्या चाकाला थोडा खेळ आलाय ताई. आणि मी आहे तोवर सीट खाली घेऊ का?"

नको म्हटलं. उद्या सोमवार आहे.